बिरोबाच्या माळावरचा पिवळा दगड

त्रिंबक मुंजाबा खोटं बोलणाऱ्यातला माणूस नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं त्याच्याबद्दल जे सांगायचं आहे ते ऐकून कुणाचाही गैरसमज होईल. अजिंठ्याच्या अलीकडं, डोंगराच्या माथ्यावर, पंचवीस उंबऱ्यांची धनगरांची वाडी. कुणाची मेंढरं कुणाच्या कळपात मिसळली, कुणाच्या कुत्र्यानं कुणाचं कोकरू फाडलं, असा तंटा निघाला की दोन्ही बाजू त्याच्याकडं यायच्या. त्रिंबक म्हणाला म्हणजे झालं. असा हा माणूस जन्मात एकदा खोटं बोलला. एकच शब्द बोलला. आणि त्या एका शब्दानं बावीस वर्षं त्याला ताठ मानेनं चालू दिलं नाही.

पोलीस ॲक्शन होऊन सात-आठ वर्षं झाली होती. निजामाचं राज्य गेलं, पण तहसिलीतले कागद तेच, शिक्के तेवढे बदललेले. अशा त्या दिवसांत, दिवाळी सरल्यावर, वाडीखालच्या ओढ्याशी सरकारी तंबू पडला. तंबूत होता बद्रीनाथ. वय सत्ताविशीचं, मूळचा बिडकीनचा, शेतकऱ्याच्या घरचा, हैद्राबादला शिकून खडकांचा जाणकार झालेला. त्याच्याबरोबर एक पेटी होती. पेटीला नळी, नळीला वायर, आणि आतून टिक, टिक असा आवाज. वाडीनं तिचं नाव टिकटिक्या ठेवून टाकलं.

साहेबाला डोंगर दाखवणारा माणूस हवा होता. त्रिंबकनं तो डोंगर अनवाणी पालथा घातलेला. कुठल्या घळीत पाणी टिकतं, कुठल्या कड्याच्या पोटात दगड फोडला की आत साखरेसारखे पांढरे खडे निघतात, हे त्याला पाठ. दोघांची जोडी जमली. दोन महिने ते पायाला भिंगरी लावून हिंडले. दुपारी एका शिदोरीतली भाकर खायची, साहेबानं कांदा बुक्कीनं फोडायचा, त्रिंबकनं हसायचं. साहेब असा असतो हे त्याला ठाऊकच नव्हतं.

"सायेब, हे हुडकायचं तरी काय?" त्यानं एकदा विचारलं.

"युरेनियम. लई जड धातू हाय. मूठभर असला तर गाडाभर कोळशाचं काम करतो." बद्रीनाथ घरच्या बोलीवर आला की मोकळा बोलायचा. "आमचे मोठे साहेब म्हणतात, तुमच्या मराठवाड्याच्या काळ्या दगडात काय सापडायचं नाय. तिकडं वेळ घालवू नको. पण त्रिंबकभाऊ, हा काळा दगड म्हणजे ज्वालामुखीचा रस हाय. थिजलेला. तेलंगणातल्या तांबड्या खडकापुढं हा अगदी तरणा. आणि दुसऱ्या मुलखात असल्याच तरण्या ज्वालामुखीच्या खडकात, भेगांत, पोकळ्यांत, काचेसारख्या गारेवर पिवळी साय धरावी तसं युरेनियमचं खनिज सापडलंय. तिथं सापडतं, तर हिथं का नाय?"

तरण्या खडकाचं त्रिंबकला फार नवल वाटलं. डोंगराला वय असतं, आणि आपला डोंगर तरणा आहे, हे त्यानं घरी जाऊन आईलाही सांगितलं. आई, आक्काबाई, म्हणाली, "म्हंजी आपल्यावानीच. आपन बी हिथं नवंच."

"हळू बोल," त्रिंबक म्हणाला.

हळू बोलायला कारण होतं. वाडीचा देव बिरोबा, माळावर उघड्यावर बसलेला, हंडीएवढा दगड. भंडाऱ्यानं इतका माखलेला, की त्याचा खरा रंग कुणी पाहिला नव्हता. वाडी सांगायची, देव स्वयंभू आहे, या खडकातूनच वर आला आणि आम्ही त्याचे पहिल्यापासूनचे पुजारी. खरी गोष्ट वाडीतल्या मोठ्या माणसांपुरती होती. धनगर मुलूख सोडून निघाला की देवाच्या ठाण्यावरचा एक दगड उचलून संगं घेतो आणि जिथं कळप थांबेल तिथं मांडतो. त्रिंबकच्या आजानं हा दगड गोदावरीच्या पलीकडून, पार तेलंगणाच्या अंगाहून, घोंगडीत बांधून खांद्यावरून आणला होता. वाटेत दोन उन्हाळे गेले. देव आला, म्हणून वाडी झाली.

त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पण खालच्या गावचे आप्पासाहेब पाटील यांनी तहसिलीत अर्ज टाकला होता, की ही मंडळी उपरी आहेत, माळावर त्यांच्या मेंढरांचा हक्क नाही, गवत गावाचं आहे. तेव्हा मुंजाबानं, त्रिंबकच्या बापानं, मरायच्या आधी नायब तहसीलदारापुढं लिहून दिलं, देव इथला, म्हणून आम्ही इथले. प्रकरण लोंबकळत पडलं होतं. माळ गेला तर मेंढरं गेली, आणि मेंढरं गेली तर वाडी उठली.

पौषात साहेबाची मुदत संपत आली. पेटी दोन महिने म्हातारं माणूस सावकाश सुपारी कातरतं तशी टिकटिकत होती, त्याच्या वर काही नाही. बद्रीनाथचं तोंड उतरलं. मोठे साहेब हसणार, हे तो चारदा बोलून गेला. त्रिंबकला वाईट वाटलं. त्यानं साहेबाला माळावर जेवायला बोलावलं, देवाला नैवेद्य दाखवून निरोप द्यायचा म्हणून. आप्पासाहेबांचा माणूस बन्सी तंबूला दूध पुरवायचा, तोही न बोलावता आला. बन्सी कुठंही न बोलावता जायचा आणि सगळं ऐकून घ्यायचा.

साहेबानं पाया पडताना खांद्यावरची पेटी देवाशेजारी खाली ठेवली. आणि तापल्या कढईत ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा पेटीचा तडतडाट सुरू झाला.

बद्रीनाथ वाकलेला तसाच राहिला. पेटी लांब नेली, गप्प. जवळ आणली, तडतड. बायकांनी हात जोडले, आक्काबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, "देव बोलला गं माय!" बन्सीसुद्धा टोपी काढून उभा राहिला. साहेबानं त्रिंबकच्या दंडाला धरलं.

"त्रिंबकभाऊ, हा दगड हिथलाच ना? या माळावरचा? का कुठून आणलेला?"

सगळी वाडी त्रिंबककडं बघायला लागली. बन्सी पण. खरं सांगावं, तर ते संध्याकाळच्या आत पाटलाच्या ओसरीवर जाणार आणि उद्या तहसिलीत. बापानं मरताना केलेला अंगठा खोटा ठरणार.

"हिथलाच," तो म्हणाला.

"नक्की?"

तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण घाबरलेला माणूस गरजेपेक्षा जास्त बोलतो. त्रिंबकनं देवापुढचा भंडारा मुठीत उचलला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "बिरोबाच्या नावानं सांगतो. ह्याच खडकातनं वर आलाय."

धनगरानं भंडारा उचलला म्हणजे पुढं काही विचारायचं नसतं. बद्रीनाथही बाजूच्याच मुलखातला, त्याला ते कळत होतं. त्यानं विचारलं नाही. आक्काबाईनं मुलाकडं एकदा पाहिलं आणि नजर खाली घातली.

साहेबाला दगडाचा एक कपचा हवा होता. देवाला हत्यार लावायचं म्हणजे देवाची परवानगी लागते, म्हणून कौल लावला. देवाच्या दोन्ही अंगांना फुलं चिकटवली. उजवं पडलं. दिला देवानं. साहेबानं मागच्या बाजूनं बोटभर कपचा काढला, भंडारा पुसला. आत काचेसारखी धुरकट गार आणि तिच्यावर पिवळी साय. इतकी वर्षं भंडाऱ्याखाली भंडाऱ्याच्याच रंगाची ती साय कुणाला दिसली नव्हती.

"अंधार पाहिजे," बद्रीनाथ म्हणाला. भरदुपारी माळावर अंधार कुठला? त्यानं त्रिंबकची घोंगडी मागितली. दोघं उकिडवे बसले, डोक्यावरून घोंगडी ओढून घेतली, आणि साहेबानं जांभळ्या उजेडाचा दिवा कपच्यावर धरला. कपचा हिरवागार पेटला. कोवळ्या पोपटी रंगाचा गार उजेड, साहेबाच्या हनुवटीवर, त्रिंबकच्या बोटांवर. मेंढराच्या लोकरीचा वास, घामाचा वास आणि मध्ये तो उजेड. ज्या देवाला त्रिंबकनं जन्मभर तेल-हळद लावली, त्याच्या आत हे होतं.

घोंगडीच्या आत दोघंच होते. बन्सी बाहेर होता. त्रिंबकला आयुष्यभर कुठली वेळ आठवत राहिली असेल तर ती. भंडारा उचलतानाची नव्हे, ही. कानाशी कुजबुजून सांगता आलं असतं, सायेब, दगड भायरचा हाय, पण कुठं बोलू नका. त्यानं तोंड उघडलंही.

"माझा बाप," बद्रीनाथ हलक्या आवाजात बोलत होता, "बिडकीनला अजून लोकांना सांगतो, पोराला शिकवलं तर पोरगं दगडं येचतंय. आता काय सांगल?" आणि तो लहान पोरासारखा हसला.

त्रिंबकनं तोंड मिटलं. पुन्हा कधीतरी सांगू, असं त्यानं ठरवलं. ती वेळ तो पुढं ढकलत गेला. साहेब अहवाल लिहायला बसला की सांगू, असं मनाशी म्हणाला. अहवाल गेला. माणसं आली, सुरुंग आले, तेव्हा सांगू म्हणाला. पहिला सुरुंग उडाला तेव्हा मेंढरं चौखूर उधळली आणि तो त्यांच्यामागं पळाला. त्या दिवशीही राहून गेलं.

उन्हाळाभर माळ खणला. देवाच्या चहूबाजूंनी माणूस-माणूस खोल चौदा खड्डे. खाली काळा दगड, त्याच्या खाली काळा दगड. पांढरे खडे निघाले, हिरवट खडे निघाले, पेटी मात्र सुपारीच कातरत राहिली. ज्या गवतासाठी त्रिंबकनं भंडारा उचलला ते गवत दगडाच्या ढिगांखाली गाडलं गेलं. बद्रीनाथ दर नव्या खड्ड्यात पहिला उतरायचा आणि वर येताना म्हणायचा, अजून थोडं खोल. त्रिंबक वरून हात द्यायचा. हात देताना साहेबाच्या डोळ्यांत बघणं त्यानं सोडून दिलं होतं.

मृगाच्या तोंडावर मोठे साहेब आले. तिघं होते. खुर्च्या मांडल्या, चहा झाला, तो त्रिंबकनंच नेऊन दिला. त्यातल्या वयस्कर साहेबानं कपचा भिंगाखाली फिरवून पाहिला आणि शांतपणे विचारलं, "खनिज उत्तम आहे. पण हा दगड मूळचा इथलाच, हे तुम्ही कशावरून ठरवलंत?"

"पुजाऱ्यानं सांगितलं," बद्रीनाथ म्हणाला. "भंडारा उचलून सांगितलं."

दुसरा साहेब आधी हसला. मग तिघंही हसले. "भंडारा! अहवालात हा पुरावा कुठल्या कलमात लिहिलात?"

बद्रीनाथ कानापर्यंत लाल झाला, पण खाली बसला नाही. "मी त्या माणसाबरोबर सहा-सात महिने राहिलोय, साहेब. तो माझ्याशी खोटं बोलणार नाही."

त्रिंबक चार हातांवर उभा होता, हातात रिकाम्या कपबशा. सगळं ऐकत होता. एक पाऊल पुढं टाकायचं आणि दोन शब्द बोलायचे, एवढंच होतं. बन्सी तंबूच्या दोरीला टेकून उभा होता. तो कपबशा घेऊन ओढ्यावर गेला आणि धुतलेल्याच कपबशा पुन्हा पुन्हा धूत बसला. त्याला स्वतःची इतकी किळस आली, की ओढ्याच्या पाण्यात पडलेलं तोंड त्यानं हातानं ढवळून मोडलं.

तंबू उठला. जाताना बद्रीनाथनं त्याला मिठी मारली. "आपण पुरते खोल गेलो नाय, त्रिंबकभाऊ. हाय तिथं." पुढं कळलं, की साहेबाचं डोंगरावर फिरणं बंद झालं, त्याला औरंगाबादेत टेबलाशी बसवलं, कचेरीत लोक त्याला भंडारासाहेब म्हणायला लागले आणि दोन वर्षांनी त्यानं नोकरी सोडली.

इकडं वाडीचं भलं झालं. सरकारनंच देवाभोवती खणलं म्हटल्यावर देव स्वयंभू आहे यात तहसिलीला शंका उरली नाही. माळाची वहिवाट वाडीच्या नावानं लागली. लोकांनी त्रिंबकला फेटा बांधला. त्यानं तो घरी येऊन खुंटीला टांगला आणि पुन्हा कधी डोक्याला लावला नाही. तंटे सोडवायला लोक बोलवायला आले की तो म्हणायचा, "माझं नका इचारू. दुसरं कुनी बघा." लोकांना वाटलं, माणूस वयानं नम्र झाला. काय सांगायचं या लोकांना! आक्काबाईला तेवढं माहीत होतं. मरेपर्यंत ती त्यावर एक अक्षर बोलली नाही आणि त्रिंबकला ते शिव्यांपेक्षा जड गेलं.

बावीस वर्षांनी बन्सी, आता म्हातारा झालेला, औरंगाबादेहून आला आणि सहज म्हणाला, "तुझा तो सायेब भेटला रं. चिकलठान्याला कारखान्यात सामानाच्या कोठारावर हाय. तुझी लई आठवन काढत व्हता. म्हनला, त्रिंबकभाऊला सांग, म्या अजून दर साली सरकारला चिठ्ठी लिहितो, त्या माळावर आनखी खोल खंदा म्हनून."

त्या दिवशी त्रिंबकला घास गेला नाही. त्याची समजूत होती, की साहेबाचं जे व्हायचं ते बावीस वर्षांपूर्वी होऊन गेलं. ते अजून चालूच होतं, वर्षाला एक चिठ्ठी. दुसऱ्या दिवशी त्यानं एसटी धरली.

चिकलठाण्यात कारखान्यांच्या मागं दोन खोल्यांचं घर. बद्रीनाथचे केस पांढरे झालेले, डोळ्यांना जाड चष्मा. त्यानं दारातच ओळखलं, हाताला धरून आत नेलं, बायकोला हाक मारली, "अगं, त्रिंबकभाऊ आलाय! ज्याच्या घोंगडीत मी युरेनियम बघितलं तो!" आणि कपाटातून कापसात ठेवलेला कपचा काढून आणला. त्या घरातल्या सगळ्यांना तो किस्सा पाठ असणार, कारण बायको हसून आत चहा ठेवायला गेली.

"सायेब," त्रिंबक उभ्यानंच म्हणाला, "तो दगड माळावरचा नाय. माझ्या आज्यानं तेलंगणाकडनं आनला व्हता. म्या खोटा भंडारा उचलला."

बद्रीनाथ कपच्याकडं बघत राहिला. बाहेर कारखान्याचा भोंगा झाला, चहा आला, गार झाला. त्रिंबकला वाटलं, हा उठून थोबाडीत मारील तर बरं होईल.

"तेलंगणाकडनं," शेवटी बद्रीनाथ म्हणाला. "म्हणजे तांबड्या खडकातला. जुन्या." त्यानं चष्मा काढून पुसला. "मोठे साहेब बरोबर होते की मग." त्याला राग कसा आला नाही, हेच त्रिंबकला सहन होईना. नोकरी सुटली तेव्हा या माणसाकडं निदान तो डोंगर राहिला होता. आता त्रिंबकनं तोही काढून घेतला होता, आणि तेही मनाचा थोरपणा म्हणून नव्हे. स्वतःला हलकं वाटावं म्हणून.

बद्रीनाथनं कागद घेतला. "खात्याला कळवायला पाहिजे. उगा कुणी माझ्या चिठ्ठ्या वाचून खणत बसायचं." लिहून झाल्यावर त्यानं वाचून दाखवलं. सदर नमुना बाहेरगावाहून आणलेला होता, त्याचा त्या माळाशी संबंध नाही, मी पुरेशी चौकशी केली नाही, चूक सर्वस्वी माझी.

"माझं नाव कुठंय?" त्रिंबकनं विचारलं.

"कशाला घालायचं? तुमचा माळ हाय, लोक हायत. जाऊ द्या."

"घाला सायेब. खोटं म्या बोललो. तुमी हसं करून घेतलंत, आता चूक बी तुमची? घाला म्हनतो ना!" त्याचा आवाज चढला. जन्मात पहिल्यांदा तो साहेबावर ओरडला.

बद्रीनाथनं पुन्हा कागद पुढं ओढला. "त्रिंबक मुंजाबा," तो बोलत बोलत लिहू लागला. "मूळ राहणार..." आणि त्याचा हात थांबला. त्यानं मान वर केली. "मूळ राहणार कुठलं लिहू?"

आजाचं गाव त्रिंबकला माहीतच नव्हतं. त्या गावाचं नाव सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

"माळावरचंच लिहा," तो म्हणाला. "दगड भायरचा. आजा बी भायरचा. पन माझी नाळ त्याच मातीत पुरलीय, माझ्या बापाला तिथंच अग्नी दिलाय. म्या तिथलाच हाय."

बद्रीनाथचा हात कागदावर तसाच राहिला. त्रिंबकच्याही कानावर स्वतःचे शब्द पडले. बन्सीनं यावर काय उत्तर दिलं असतं? पाटलानं काय दिलं असतं? त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"हे त्या दिवशी का नाय बोललात, त्रिंबकभाऊ?" बद्रीनाथनं विचारलं. त्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं.

त्रिंबकनं खाली बघितलं.

"सुचलं नाय, सायेब," तो म्हणाला. "एवढंच सुचलं नाय."